लिओनेल लुएके: आधी ठेका, मग गिटार

गिटार शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने बेनिनच्या जॅझ गिटारवादक लिओनेल लुएकेचं वादन ऐकलं आणि मला तीन गोष्टी विचारल्या. हा माणूस एकटा वाजवत असताना तिघं-चौघं वाजवत असल्यासारखं का वाटतं? त्याने हे कुठे आणि कसं मिळवलं? आणि जॅझच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरसमूह, बऱ्यापैकी येत असूनही माझ्या हातून तसं काहीच का निघत नाही? तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोनांत आहे, म्हणून लुएकेच्या आयुष्यापासून सुरुवात करतो. अनेक वर्षं गिटार वाजवून आणि शिकवून माझं जे मत झालं आहे ते मात्र आधीच सांगून टाकतो. लुएके मुळात तालवाद्यांचा माणूस आहे. गिटार त्याच्या हातात बरीच उशिरा आली. त्याच्याकडून शिकायचं असेल तर डाव्या हाताकडे बघणं काही महिने बंद करा आणि उजव्या हाताकडे बघा.

त्याचा जन्म १९७३ सालचा, पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनचा. नायजेरिया आणि टोगो यांच्या मधला, समुद्राला जेमतेम टेकलेला हा चिंचोळा देश. १९६० पर्यंत तो फ्रेंचांच्या ताब्यात होता, दाहोमे हे त्याचं नाव १९७५ साली बदललं, आणि लुएकेचं सगळं बालपण केरेकू या लष्करी शासकाच्या समाजवादी राजवटीत गेलं. घर शिकलेल्यांचं होतं, पण पैसा नव्हता. वोदून परंपरेचे विधी, त्यातले ढोल आणि नाच हा त्या भागातल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. तिथल्या मुलाच्या कानात ठेका शाळेच्या आधी जातो. लुएके लहानपणी तालवाद्यंच वाजवत होता. शेजारच्या नायजेरियातून जुजू आणि आफ्रोबीट, पलीकडून काँगोची रुंबा असं बरंच संगीत त्या किनाऱ्यावर येत असे, पण जॅझ फारसं कुणाच्या कानावर नव्हतं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण आफ्रिकन जॅझ गिटार शोधायला निघालेला प्रत्येक जण त्यात अडकतो. किन्शासात १९५० च्या दशकात 'आफ्रिकन जॅझ' आणि 'ओके जॅझ' नावाचे दोन फार मोठे वाद्यवृंद उभे राहिले. डॉ. निको पहिल्यात होता, फ्रँको दुसऱ्यात, आणि दोघेही विलक्षण गिटारवादक. पण ते वाजवत ती काँगोची रुंबा. नावातलं जॅझ तेव्हाच्या आधुनिकपणाची खूण होती. त्यांना जरूर ऐका, फक्त त्यात जॅझचा सुसंवाद, म्हणजे हार्मनी, शोधू नका.

लुएकेचा मोठा भाऊ गिटार वाजवायचा. त्याचं बघून हा सतराव्या वर्षी गिटारकडे वळला. स्वतःची गिटार घ्यायला लागणारे सुमारे पन्नास डॉलर जमवायला त्याला एक वर्ष लागलं. तारा बदलायला पैसे नव्हते, म्हणून जुन्याच तारा व्हिनेगरमध्ये भिजवून स्वच्छ करायच्या. तार तुटली की सायकलच्या ब्रेकची केबल बांधायची. ज्याने कधी गिटारला तार चढवली आहे त्याला यातलं दुखणं लगेच कळेल. ब्रेकची केबल म्हणजे अनेक पदरांची पिळलेली पोलादी दोरी. तिला धड सूर नाही, बोटं सोलून निघतात आणि नेकवर ताण येतो तो वेगळाच. अशा तारेवर सूर लांबवता येत नाही. आघात मात्र नेमका करता येतो. या गोष्टीने त्याचा हात घडवला असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण तारेकडे वाजवायची आणि बडवायची अशा दोन्ही दृष्टींनी बघणारा हात पुढे दिसतो, तेव्हा हे दिवस मला आठवतात.

पॅरिसहून आलेल्या एका मित्राने अमेरिकन गिटारवादक-गायक जॉर्ज बेन्सनचं ध्वनिमुद्रण आणलं, आणि जॅझ असं त्याच्यापर्यंत पोहोचलं. बेन्सनच का भावला असेल, याचा विचार करा. बेन्सन सोलो वाजवतो तेव्हा तेच सूर त्याच वेळी तोंडाने गातोही. वाद्य आणि गळा एकत्र चालतात. जिथे ढोलाचे बोल तोंडाने म्हणून शिकवले जातात, अशा भागातून आलेल्या मुलाला हे परकं वाटलं नसणार. आज लुएके गिटारबरोबर जे गातो त्याचं एक मूळ बेन्सनमध्ये आहे, दुसरं गावच्या ढोलात.

१९९० च्या सुमारास तो आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानला राष्ट्रीय कला संस्थेत शिकायला गेला. तिथे त्याला पहिल्यांदा पद्धतशीर शिक्षण मिळालं. पैशाची ओढाताण होतीच. एका क्लबात वादकांची विश्रांती चालू असताना त्याने तिथली गिटार उचलून थोडं वाजवलं. ते व्यवस्थापकाने ऐकलं आणि त्याला काम दिलं. व्यावसायिक वादक म्हणून त्याची सुरुवात ही अशी झाली. १९९४ मध्ये तो पॅरिसच्या अमेरिकन स्कूल ऑफ मॉडर्न म्युझिकमध्ये गेला आणि १९९९ मध्ये शिष्यवृत्तीवर बोस्टनच्या बर्कली महाविद्यालयात.

मध्ये थांबून हे वर्षांचं गणित बघा. आबिदजान, पॅरिस, बोस्टन मिळून सुमारे दहा वर्षं तो विद्यार्थी होता, आणि तरीही शिक्षण संपलेलं नव्हतं. लुएकेबद्दल बोलताना 'उपजत', 'मातीतलं', 'नैसर्गिक' असे शब्द सहज वापरले जातात. मला ते खटकतात. बेनिनचा ठेका त्याला घरातून मिळाला हे खरं. पण गिटारवादक वेस माँटगोमेरीची ऑक्टेव्ह (एकच स्वर दोन सप्तकांत एकदम), बीबॉप या जलद जॅझशैलीची लांब ओळ, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचे झपाट्याने बदलणारे सुसंवाद हे त्याने परक्या भाषांत, परक्या शहरांत, पैशाची चणचण असताना बसून शिकलेलं आहे. या मेहनतीला उपजत म्हटलं की मेहनत दिसेनाशी होते, आणि विद्यार्थ्यालाही वाटायला लागतं की हे आपल्याला जमणारच नाही.

बर्कलीत त्याला दोन मित्र भेटले. बासवादक मासिमो बिओलकाती हा इटालियन आणि स्वीडिश वळणाचा, ड्रमवादक फेरेंक नेमेत हंगेरीचा. या तिघांचं त्रिकूट आजही जॅझमधल्या सर्वांत घट्ट त्रिकुटांपैकी एक आहे. 'गिलफेमा' हे त्याचं नाव तिघांच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं आहे. लुएकेचं एक नाव जिल आहे, त्यातून आलेलं गिल, मग फेरेंक, मग मासिमो.

आता वळणाच्या जागी येतो. लॉस एंजेलिसमध्ये थेलोनियस मंक इन्स्टिट्यूट ही जॅझ शिकवणारी संस्था होती. २०१९ पासून तिला हर्बी हॅन्कॉकचं नाव आहे. तिथे मोजक्याच विद्यार्थ्यांना घेत. लुएके निवडचाचणीला गेला तेव्हा परीक्षकांत पियानोवादक हर्बी हॅन्कॉक, सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर आणि ट्रम्पेटवादक टेरेन्स ब्लँचर्ड होते. हॅन्कॉक आणि शॉर्टर म्हणजे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९६० च्या दशकातल्या गाजलेल्या पाच जणांच्या बँडमधले दोघे. हॅन्कॉकने नंतर अनेकदा सांगितलं आहे की असं गिटारवादन त्याने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. लुएकेची निवड झाली आणि २००१ ते २००३ तो तिथे शिकला. बिओलकाती आणि नेमेतही त्याच तुकडीत होते, गायिका ग्रेचेन पार्लाटोही होती.

अमेरिकेतल्या याच वर्षांत त्याने पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, सोडून दिली, बोटांनी वाजवायला लागला आणि पोलादी तारांकडून नायलॉनच्या तारांकडे वळला. सांगायला हा साधा बदल आहे, पण करून बघा. पिकने मिळवलेला वेग एका दिवसात नाहीसा होतो. बीबॉपच्या ज्या ओळी वर्षानुवर्षं घोटल्या त्या अडखळायला लागतात. तिशीच्या उंबरठ्यावरचा, इतकं शिकलेला वादक हे कशासाठी पत्करेल? मला वाटतं, पिक एका वेळी एकच आवाज काढते, आणि लुएकेच्या डोक्यात पहिल्यापासून तीन-चार आवाज चालू होते. अंगठा एक ढोल, तर्जनी दुसरा, मध्यमा आणि अनामिका मिळून तिसरा. बोटं मोकळी झाली तेव्हा लहानपणीचा तालवादक गिटारवर येऊन बसला. जॅझ पुरतं शिकून झाल्यावर त्याने घरची गोष्ट आत घेतली, हा क्रम महत्त्वाचा आहे.

पुढची वाटचाल जलद झाली. त्या परीक्षकांपैकी ब्लँचर्डने त्याला आधी आपल्या बँडमध्ये घेतलं. ब्लँचर्डच्या २००५ च्या 'फ्लो' या अल्बममध्ये लुएकेच्या स्वतःच्या रचना आहेत, 'वादाग्बे' आणि 'बेनीज ट्यून'. दुसरी त्याच्या पत्नीसाठी केलेली, आणि ती पुढे पार्लाटोने शब्द घालून गायली. 'फ्लो'चा निर्माता हॅन्कॉक होता. त्याच सुमाराला हॅन्कॉकने लुएकेला स्वतःच्या बँडमध्ये घेतलं आणि ते नातं आजवर टिकलं आहे.

पियानोवादकाच्या बँडमध्ये गिटारवादकाची जागा अवघड असते. दोघांकडेही कॉर्ड, दोघांचेही स्वर मधल्या सप्तकात. एकाने जास्त वाजवलं की चिखल होतो. त्यात पियानोवर हॅन्कॉक, म्हणजे सुसंवादाच्या बाबतीत कुणी काही भर घालावी अशी जागाच नाही. लुएके तिथे काय करतो ते लक्ष देऊन ऐका. तो बऱ्याचदा कॉर्ड वाजवतच नाही. तळव्याने दाबलेल्या तारांचे कोरडे ठोके, मध्येच दोन स्वरांची टिचकी, गळ्यातून एखादा हुंकार, मग शांतता. हॅन्कॉकला दुसरा कॉर्ड वाजवणारा नको होता. त्याला संवाद करणारा तालवादक मिळाला, आणि त्या तालवादकाला सुसंवादही कळत होता.

२००७ साली आलेल्या हॅन्कॉकच्या 'रिव्हर: द जोनी लेटर्स' मध्ये लुएके आहे. त्या अल्बमला २००८ मध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं. जॅझच्या अल्बमला हा मान त्याआधी मिळाला होता तो थेट १९६५ मध्ये, सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचा गायक-गिटारवादक जिल्बेर्तो यांच्या ध्वनिमुद्रणाला. तिथेही गिटार नायलॉनच्या तारांची होती आणि वाजवणारा गातही होता. हा योगायोग मला फार आवडतो.

त्याच्या स्वतःच्या अल्बमांत सुरुवातीचे सगळे सांगत बसत नाही. 'ब्लू नोट' या जॅझच्या ध्वनिमुद्रण कंपनीसाठीचा पहिला, २००८ चा 'कारिबू', हा मुख्य दरवाजा समजा. बिओलकाती आणि नेमेत आहेतच, शिवाय काही रचनांत हॅन्कॉक आणि शॉर्टर पाहुणे म्हणून आले आहेत. 'सेव्हन टीन्स' ही रचना सतरा मात्रांची आहे आणि त्यात हॅन्कॉक वाजवतो. पहिल्या ऐकण्यात सतरा मोजू नका. पायाने ठेका धरता येतो का तेवढं बघा. येतो, आणि तेच त्या रचनेचं यश आहे. शॉर्टरबरोबरचं कोल्ट्रेनचं 'नायमा' तर गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाने शंभरदा ऐकावं, कारण इतक्या कमी स्वरांत इतका वेळ कसं थांबायचं ते त्यात आहे.

२०१० च्या 'म्वालिको'त गायिका अँजेलिक किजो आहे, बेनिनचीच. कॅमेरूनचा बासवादक रिचर्ड बोना आहे, बासवादक-गायिका एस्पेरांझा स्पॉल्डिंग आहे. २०१२ च्या 'हेरिटेज'मध्ये पियानोवादक रॉबर्ट ग्लास्परच्या साथीने आवाज विजेच्या वाद्यांकडे झुकला. माझ्या कानाला तो त्याच्या इतर कामाइतका लागत नाही, पण तरुण विद्यार्थ्यांना तोच आधी आवडतो, आणि त्यात वाईट काही नाही. २०१५ चा 'गाया' त्रिकुटाने स्टुडिओत थोड्या श्रोत्यांसमोर वाजवला. तिघांचं एकमेकांवरचं लक्ष त्यात नुसत्या कानांनी दिसतं. 'द जर्नी' २०१८ चा, शांत, स्थलांतराच्या विषयाभोवतीचा. त्यात चेलो आणि क्लॅरिनेटही येतात. आणि २०२० चा 'एचएच': एकटी गिटार, आणि जवळजवळ सगळ्या रचना हॅन्कॉकच्या. ज्या माणसासमोर चाचणी दिली, त्याच्या रचना वीसेक वर्षांनी एकट्याने उलगडून बघणं यात फार मोठी कृतज्ञता आहे. 'वॉटरमेलन मॅन', 'कँटलूप आयलंड', 'रॉकिट' ही सगळी ओळखीची गाणी. पण पियानो काढून टाकल्यावर, ड्रम काढून टाकल्यावर त्यांतलं काय उरतं ते तो आपल्याला दाखवतो. विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर याच अल्बममध्ये शोधावं.

आता ते आवाज एकेक करून वेगळे करतो.

जिभेचे टिचक्यांसारखे आवाज. हे त्याच्या मातृभाषेतले असावेत असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तो गातो त्या फोन, मीना, योरुबा या भाषांत असे ध्वनी नाहीत. ते दक्षिण आफ्रिकेतल्या खोसासारख्या भाषांत आहेत. लुएकेने ते तालवाद्य म्हणून उचलले. तसंच त्याच्या गिटारमधून कधी कोरा हे तंतुवाद्य ऐकू येतं, जे माली-सेनेगलच्या बाजूचं, तर कधी लोखंडी पात्यांची कालिंबा, जी दक्षिणेकडची. त्याचं आफ्रिकन असणं एका गावापुरतं नाही. सगळं खंडच त्याने अभ्यासून जवळ केलं आहे.

कागद. कधी कधी तो कागदाची पट्टी ब्रिजजवळ (तारा जिथे टेकतात त्या गिटारच्या घोडीजवळ) तारांमध्ये खालून-वरून ओवतो. सूर आखूड होतो आणि त्याला खरखर येते. पाश्चात्त्य कानाला ही खरखर दोष वाटते. आफ्रिकेतल्या कित्येक वाद्यांना मात्र ती मुद्दाम जोडलेली असते, कुठे शिंपले, कुठे बाटलीची बुचं, कुठे पत्र्याचे तुकडे. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवत जवारी काढणाऱ्या आपल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. जाडसर कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या आणि नायलॉनच्या तारांवरच करा.

गळा आणि पेडल. गाताना तो आवाजावर हार्मनायझर हे पायाने चालवायचं विजेचं उपकरण, म्हणजे पेडल, लावतो, त्यामुळे एका गळ्याचे अनेक होतात. माझे विद्यार्थी सगळ्यात आधी हेच विकत घेतात आणि निराश होतात. पेडल स्वर वाढवतं. ठेका वाढवत नाही.

म्हणून ठेका. पश्चिम आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर लोखंडी घंटेवर वाजणारी एक आकृती आहे, बारा मात्रांची, सात आघातांची. आघात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. पाय मात्र चारदा पडतो: पहिली, चौथी, सातवी, दहावी. नीट बघा, घंटा आणि पाय फक्त पहिल्या आणि दहाव्या मात्रेवर भेटतात. बाकी दोन वेळा पाय पडतो तेव्हा घंटा गप्प असते. पाय एक सांगतो, घंटा दुसरं, आणि नाचणारा दोन्ही अंगात घेऊन फिरतो. आता तेच बारा सहा जोड्यांत मोजा, म्हणजे एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा. घंटा आता पहिल्या तीन ठोक्यांवर बरोबर असते आणि मग सुटते. आकृती तीच, पण ती पडते वेगळ्या जमिनीवर. लुएके एकाच रचनेत या जमिनी बदलत राहतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की दुसराच कुणी वाजवायला लागला. तिघं-चौघं असल्याचा भास यातून येतो.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला इथे एक फायदा आहे आणि एक अडचण. तबल्याच्या संगतीत वाढलेल्याला बारा, सात, दहा मात्रा मोजायची भीती नसते, हा फायदा. अडचण अशी की आपला कान समेवर यायला आसुसलेला असतो. तिहाई घेऊन समेवर उतरलो की आपल्याला पूर्ण वाटतं. या घंटेच्या संगीतात पहिल्या मात्रेला तसा मान नाही. ती येते आणि जाते. लुएके वाक्य पुष्कळदा बाराव्या मात्रेवर सोडून देतो. तुम्ही त्याची ओळ बरोबर उतरवता आणि नकळत पुढच्या एकवर ओढून नेता, मग ती त्याची राहत नाही.

सराव असा करा. गिटार बाजूला ठेवा. पायाने चार, हाताने मांडीवर घंटेचे सात. मेट्रोनोम पायाच्या ठोक्याला ६० वर ठेवा, त्याहून जलद नको. हे सहज झालं की वर तोंडाने कुठलीही ओळखीची चाल गुणगुणा. चाल अडखळली की समजा अजून झालं नाही. मग गिटार घ्या. उजव्या तळव्याची कड ब्रिजवर टेकवा, सगळ्या तारा दाबलेल्या, डाव्या हातात काहीच नाही. पायाचे चार ठोके अंगठ्याने सहाव्या तारेवर, घंटेचे सात तर्जनीने तिसऱ्यावर. जिथे दोन्ही एकत्र येतात तिथे अंगठा आणि तर्जनीची चिमूट. दोन कॉर्ड घालायच्या त्या यानंतर, आणि दोनच. यात आठवडे जातील. जॅझच्या कॉर्ड येत असूनही जमत नव्हतं ते एवढ्यासाठीच की कॉर्डच्या खाली ही जमीन नव्हती.

पिक टाकायची घाई करू नका. लुएकेने ती टाकली तेव्हा पिकने करायचं ते सगळं त्याचं करून झालं होतं. बीबॉपच्या ओळी ज्याला पिकने स्वच्छ येत नाहीत त्याला बोटांनी आणखी कमी येतात. दोन्ही चालू ठेवा, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं. नायलॉनच्या तारांची साधी शिकाऊ क्लासिकल गिटार पुरेशी आहे. महाग घ्यायची गरज नाही.

ऐकण्याचा क्रम: आधी 'एचएच' मधलं एकच गाणं आठवडाभर, मूळ हॅन्कॉकच्या ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून. मग 'कारिबू' पूर्ण. मग 'गाया', आणि त्यात फक्त नेमेतचे ड्रम ऐका, कारण लुएके कुठे ढोल होणं थांबवून गिटारवादक होतो ते ड्रमच्या बाजूने जास्त स्पष्ट कळतं. तिथून 'रिव्हर' कडे या आणि तो किती वेळ काहीच वाजवत नाही ते घड्याळ लावून बघा.